सोबतच्या माणसांची रांग

सुरेखाला आकाशपाळण्यात बसायचं होतं. मूळ गोष्ट एवढीच. त्यापायी वर्तमानपत्रात बातमी यावी, शेजार तुटावा आणि पाटबंधारे खात्यात आयुष्यभर मान खाली घालून कारकुनी केलेल्या अजिनाथला एका पार्कच्या मॅनेजरसमोर माफीनामा लिहून द्यावा लागावा, असं त्यात काहीही नव्हतं.

सुरेखा ही अजिनाथची थोरली बहीण. दोन वर्षांची असताना पोलिओनं दोन्ही पाय गेले. त्या पायांची सगळी ताकद जिभेत जमा झाली, असं अजिनाथचं मत होतं, पण ते त्यानं कधी तिच्यासमोर मांडलं नाही. ती बीडमध्ये एका विमा कचेरीत नोकरीला होती, स्वतःचं कमवत होती आणि भावाच्या घरात भावापेक्षा जास्त हुकमानं राहत होती. घरात अजिनाथ, त्याची बायको रोहिणी, मुलगी आरोही आणि सुरेखाची चाकाची खुर्ची. दिवाणखान्यात सोफा घ्यायचा बेत या खुर्चीपायी दरवर्षी रद्द होई.

नेकनूरच्या रस्त्याला तिथले पुढारी विजयसिंह भाऊसाहेब यांनी थीम पार्क काढला, आणि त्याचं भलंमोठं पोस्टर सुरेखाच्या कचेरीच्या वाटेवर लागलं. पोस्टरवर भाऊसाहेब हात जोडून उभे. त्यांच्या मागं आकाशपाळणा, पुढं पाण्याची घसरगुंडी. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, भाऊसाहेबांच्या बुटाजवळ, खुर्चीचं चित्र आणि मजकूर: ‘दिव्यांगांसाठी खास रांग. आता थांबायचं नाही.’

सुरेखानं ते पोस्टर आठवडाभर रिक्षातून वाचलं आणि मग जेवताना सांगितलं, “आज्या, मला पाळण्यात बसायचंय.”

“कोणत्या?”

“मोठ्या. ह्या वयात लाकडाच्या घोड्यावर बसू का?”

अजिनाथनं घास गिळला. आजवर प्रत्येक जत्रेत सगळे पाळण्यात बसले की खाली पिशव्या आणि चपला राखायला सुरेखा असे. इतकी वर्षं ती कधी काही बोलली नव्हती, त्यामुळं तिला ते काम आवडतं असं घरात गृहीत धरलेलं होतं.

“खास रांग हाय त्यांच्याकडं,” ती म्हणाली. “पोस्टरवर लिहिलंय. मी आपणहून काही मागत न्हाई. त्यांनीच बोलावलंय.”

ही बातमी शेजारी पोचायला भिंत ओलांडण्याएवढाच वेळ लागला. शेजारी शिवशंकर मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांच्या पत्नी वनमालाबाई. दोघांनाही दुसऱ्याच्या कामात पडायची आवड, आणि दोघांचं एकमेकांशी कशावरही एकमत नाही, त्यामुळं सल्ला नेहमी दुप्पट मिळे.

“साडी नका नेसू,” वनमालाबाई म्हणाल्या. “पदर अडकतो. ड्रेस शिवून घ्या.”

“ड्रेस-बिस सोडा,” मास्तर म्हणाले. “कार्ड काढलंय का? नवं, डिजिटल. जुन्या सर्टिफिकेटला आता कोणी विचारत नाही.”

सुरेखाजवळ जुनं सर्टिफिकेट होतं, पिवळं पडलेलं, घड्यांवर फाटलेलं. नवं कार्ड कसं काढायचं याची मास्तरांना इतकी बारीक माहिती होती की अजिनाथला नवल वाटलं. कोणत्या दिवशी जायचं, कोणत्या खिडकीवर कोण बसतं, कोणता डॉक्टर कटकट करत नाही, सगळं तोंडपाठ. भला माणूस, दुसऱ्यासाठी किती चौकशी करून ठेवतो, असं अजिनाथ त्या दिवशी रोहिणीला म्हणाला.

सुरेखानं ड्रेस शिवायला टाकला आणि अजिनाथनं रजा टाकली. ज्या कचेरीत अपंगत्व तपासत, ती वरच्या मजल्यावर होती. लिफ्ट होती, पण तिच्यात जुन्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. खालच्या शिपायानं शांतपणे सांगितलं, “पेशंटला स्वतः वर जावं लागतं. न्हाईतर लोक खोटंनाटं सांगतेत.”

अजिनाथनं बहिणीला पाठंगुळी घेतलं. दोन जिने चढून तो वर पोचला तेव्हा त्याला इतकी धाप लागलेली की डॉक्टरांनी आधी त्यालाच बसायला सांगितलं आणि विचारलं, “यांना काय होतंय?”

“ह्याला काही होत न्हाई,” सुरेखा म्हणाली. “मला चालता येत न्हाई.”

“कधीपासून?”

“दोन वर्षांची असल्यापासून.”

“मधल्या काळात काही सुधारणा?”

“रस्ते सुधारले थोडे,” सुरेखा म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावून काहीतरी लिहिलं. पुढं यथावकाश कार्ड आलं, ते तात्पुरतं होतं. मुदत संपल्यावर पुन्हा तपासणीला यावं, तोवर पाय बरे झाल्यास कळवावं, अशा अर्थाची ओळ त्याच्यासोबत होती. सुरेखा ते वाचून हसली नाही. तिनं कार्ड दोरीत ओवून गळ्यात घातलं आणि म्हणाली, “चला. आता मी सरकारमान्य झाले.”

ऐतवारी सगळे निघाले. नवा ड्रेस जांभळा होता आणि सुरेखानं केसांना मोगरा लावला होता. खुर्ची रिक्षाच्या टपावर बांधली, तिचं एक चाक वाटभर आपोआप फिरत राहिलं आणि आरोहीला त्याची लाज वाटत राहिली. रिक्षात बसल्या बसल्या सुरेखा गुणगुणत होती. आक्काला गुणगुणताना ऐकून किती दिवस झाले, ते अजिनाथला आठवेना.

पार्कच्या दारात फिरता लोखंडी खांब होता. एका वेळी एक माणूस, तोही पोट आत घेऊन. खुर्ची त्यातून जाणं शक्यच नव्हतं. रखवालदारानं मागचं दार दाखवलं. तिथून बर्फाच्या लाद्या आणि वेफर्सची पोती आत जात. पोत्यांची गाडी रिकामी होईपर्यंत सुरेखाला बाहेर थांबावं लागलं, कारण आत जाणाऱ्या मालाची नोंद होत होती आणि तिची नोंद कशात करायची हे रखवालदाराला कळेना. शेवटी त्यानं न लिहिताच आत सोडलं आणि वर उपकाराचा चेहरा केला.

आत चढण बांधलेली होती, खास खुर्चीसाठी. पिवळा रंग, बाजूला चकचकीत दांडा. अजिनाथला समाधान वाटलं. तो जोर लावून खुर्ची वर घेऊन गेला, तर चढण जिथं संपत होती तिथं एक पायरी होती. गुडघ्याएवढी. तिच्यावर भाऊसाहेबांचा पुठ्ठ्याचा पुतळा, हात जोडलेला.

“स्वागत करतेत,” सुरेखा म्हणाली.

दोन अनोळखी माणसांना हाताशी धरून अजिनाथनं खुर्ची उचलली. उचलताना तिघांपैकी एकाचं कोपर पुतळ्याला लागलं आणि भाऊसाहेब तोंडावर पडले. कोणीतरी ओरडलं, कोणीतरी फोटो काढला, आणि अजिनाथनं आयुष्यभराच्या सवयीनं त्या पुठ्ठ्याला ‘माफ करा’ म्हटलं.

आकाशपाळण्याला दोन रांगा होत्या. एक साधी, लोखंडी कठड्यांमधून नागासारखी वळत गेलेली. दुसरी खास, वर मांडव घातलेली. या खास रांगेत इतकी गर्दी होती की ती मांडवाबाहेर येऊन साध्या रांगेपेक्षाही लांब गेली होती. अजिनाथ शेपटाला जाऊन उभा राहिला आणि पुढं पाहू लागला. रांगेत एकही काठी नव्हती, कुबडी नव्हती, दुसरी खुर्ची नव्हती. धडधाकट माणसं, गॉगल लावलेली, लेकरं खांद्यावर घेतलेली. एकजण वेळ जात नाही म्हणून जागच्या जागी उड्या मारत होता. सगळ्यांच्या गळ्यात कार्ड.

आणि मधोमध, शर्ट खोचून, शिवशंकर मास्तर. सोबत वनमालाबाई, त्यांची बहीण, मेहुणा आणि मेहुण्याची पोरं.

अजिनाथला वाटलं, आपल्यासाठीच नंबर धरून उभे असतील. “मास्तर,” तो हळूच म्हणाला. गर्दीत हाक मारायची त्याला लाज वाटे.

मास्तरांनी झटकन वळून पाहिलं. त्यांच्या कार्डावर ‘कर्णबधिर’ असं ठळक लिहिलेलं होतं. दोघांनी एकाच वेळी त्या कार्डाकडं पाहिलं. मास्तरांनी ते उलटं केलं, पण मागच्या बाजूलाही तेच होतं.

“बदलीसाठी काढलं होतं,” मास्तर म्हणाले. “पार लांबच्या तांड्यावर टाकत होते हो. सगळेच काढतात.”

“ऐकायला येतं का पण तुमाला?” सुरेखानं खुर्चीतून विचारलं.

“येतं थोडं थोडं,” मास्तर म्हणाले आणि पुढं सरकले.

ऊन वाढलं. मांडव फक्त पुढच्यांवर होता. रोहिणीनं सुरेखाच्या डोक्यावर ओढणी धरली. सुरेखाच्या नव्या ड्रेसच्या पाठीवर घामाचा डाग पसरत गेला, पण ती नजर वर लावून बसली होती, पाळण्यातल्या पेट्या वर जाऊन थांबत होत्या तिकडं. “वरून कपिलधारचा डोंगर दिसत असंल का रे?” तिनं विचारलं. अजिनाथ म्हणाला, दिसत असंल.

नंबर आला. पाळण्याच्या फाटकावर लखन नावाचा पोरसवदा माणूस होता, नाव शर्टावर शिवलेलं. त्यानं कार्ड पाहिलं, खुर्ची पाहिली, आणि मान हलवली.

“ह्यांना बसता येत न्हाई.”

“कावून?” अजिनाथनं विचारलं.

“सेफ्टी. स्वतःच्या पायानं पेटीत चढता-उतरता आलं पाहिजे. नियम हाय.”

“मी उचलून बसवतो.”

“तुमी बसवताल. वर काही झालं तर उतरवणार कोण?”

“मग ही रांग कुणासाठी हाय?”

“दिव्यांगांसाठी.”

“ही दिव्यांगच हाय.”

“म्हणून तर खास रांगेतून आला ना तुमी,” लखन म्हणाला. त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, रोज तेच समजावून सांगणाऱ्या माणसाचा थकवा होता. “रांग सोबतच्या माणसांसाठी. घरात असं माणूस असलं की घरच्यांची लई वढाताण होती. त्यांचा खोळंबा होऊ नये, असं भाऊसाहेबांचं म्हणणं हाय. ह्यांना तिथं सावलीला ठेवा आन् तुमी तिघं बसून घ्या. लवकर करा, मागं लोक हायेत.”

मागं लोक होते खरे. ते कुरकुरू लागले. अजिनाथ भांडायला निघाला होता, म्हणजे त्यानं घसा खाकरला होता. पण मागून कोणीतरी म्हणालं, “ओ, बसायचं तर बसा, न्हाईतर सरका,” आणि त्याचा खाकरा तसाच विरला.

“जा,” सुरेखा म्हणाली.

“आक्का, तू न्हाई तर...”

“जा म्हणते ना. पोरीनं काय घोडं मारलं? माझ्या कार्डावर निदान कुणी तरी वर जाऊ दे.” तिनं हात पुढं केला. “त्या पिशव्या द्या इकडं.”

ते तिघं बसले. अजिनाथनं ठरवलं होतं की आपण तोंड पाडून बसायचं. पण पेटी उचलली गेली, वारा लागला, घाम सुकला, आरोही खिदळायला लागली, आणि त्यालाही हसू फुटलं. वर गेल्यावर कपिलधारकडचे डोंगर दिसले, निळसर. त्याला पाळणा फार आवडला. ही गोष्ट त्यानं पुढं कोणालाच सांगितली नाही. खाली पाहिलं तेव्हा कठड्याजवळ एक जांभळा ठिपका दिसला. त्यानं हात हलवला. ठिपका हलला नाही.

खाली आले तेव्हा ठिपक्याभोवती माणसं जमलेली होती. धर्मापुरीकडच्या एका वस्तीतली माणसं टेम्पो करून आली होती. ऊसतोडीचा हंगाम संपवून नुकतीच गावी परतलेली, लेकरांना पाळणा दाखवायला आणलेली. साध्या रांगेत सकाळपासून होती आणि अजून अर्ध्यातही पोचली नव्हती. त्यांच्यातली भिवराबाई नावाची थोराड बाई सुरेखाच्या खुर्चीजवळ टेकली होती.

“बाई, तुमच्यासंगं असलं की लगीच सोडतेत म्हणं,” भिवराबाई म्हणत होती. “आमच्या नातवाला तेवढं घेता का तुमच्यात? लेकरू उन्हानं कोमेजलंय.”

सुरेखानं लेकराकडं पाहिलं, मग खास रांगेकडं. “त्याला एकट्याला कावून?” ती म्हणाली. “तुमी माझ्या मावशी. हे सगळे कोण?”

“आमचेच हायेत. भाऊबंद.”

“मग माझेच झाले. चला.”

तिनं खुर्ची वळवली आणि थेट फाटकाशी नेली. मागं सगळी वस्ती. अजिनाथ “आक्का, आक्का” करत मागं धावला, पण वस्तीच्या मागं पडला.

“हे कोण?” लखननं विचारलं.

“सोबतची माणसं,” सुरेखा म्हणाली. “माझ्यापायी लई वढाताण झाली ह्यांची. ही मावशी, हे मामा, हे मामाचे व्याही. नियमात किती माणसं लिहिलेत?”

लखननं फळीवरचा नियम वाचला. आकडा नव्हता. त्यानं डोकं खाजवलं, आणि मग, खरंतर त्यालाही कंटाळा आला असावा, त्यानं साखळी सोडली. पेट्या भरू लागल्या. लुगडी, पटके, शेंबडी पोरं, सगळं वर निघालं. भिवराबाई पेटीत बसताना सुरेखाच्या गालावरून हात फिरवून गेली.

खास रांग थांबली. थांबली म्हटल्यावर पेटली. गॉगलवाले पुढं आले आणि सगळ्यांत पुढं, एक फेरी मारून पुन्हा रांगेत लागलेले शिवशंकर मास्तर.

“हा सरळसरळ गैरफायदा आहे,” मास्तर म्हणाले. “खऱ्या दिव्यांगांची रांग आहे ही. असे बाहेरचे लोक घुसवले तर आम्ही जायचं कुठं?”

“मास्तर, हळू बोला,” सुरेखा म्हणाली. “तुमालाच ऐकू जाईल.”

कोणीतरी हसलं. वनमालाबाईंनी तोंड फिरवलं. मग ढकलाढकली झाली, कार्डं एकमेकांत गुंतली, जागच्या जागी उड्या मारणाऱ्या माणसानं कठड्यावरून उडी टाकली आणि तो लखनच्या अंगावर पडला. पाळणा बंद झाला. वस्तीची अर्धी माणसं वर अडकली. ती मात्र मजेत होती, त्यांना वाटलं असंच असतं.

मॅनेजर आला. भाऊसाहेबांचा दूरचा भाचा, पांढरा शर्ट, कानाला फोन. त्यानं दोन्हीकडचं ऐकलं, म्हणजे मास्तरांचं ऐकलं, आणि अजिनाथला ऑफिसात नेलं. सुरेखाला नेलं नाही, ऑफिसला पायऱ्या होत्या.

“सरकारी नोकर ना तुम्ही?” मॅनेजर म्हणाला. “पुतळाही तुम्हीच पाडला म्हणे. भाऊसाहेबांच्या कानावर घालू का?”

अजिनाथला कचेरी, साहेब आणि बदलीचं गाव अशा क्रमानं सगळं दिसलं. त्यानं कागद घेतला आणि वळणदार अक्षरात लिहून दिलं की, माझ्या बहिणीनं दिव्यांग सवलतीचा गैरवापर केला, याबद्दल दिलगीर आहे. त्याचा मसुदा चांगला असे, खात्यात त्याचं नाव होतं. मॅनेजरनंही वाचून “छान लिहिलंय” म्हटलं. खिडकीतून सुरेखा दिसत होती. ती इकडंच पाहत होती.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी आली. दिव्यांग महिलेकडून सवलतीचा गैरवापर, खास रांग तूर्त बंद. अजिनाथचं पत्र जसंच्या तसं छापलेलं. कचेरीत लोकांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. शिवशंकर मास्तर भिंतीवरून म्हणाले, “तुमच्या एका हट्टापायी कितीजणांची सोय गेली बघा,” आणि त्यानंतर त्यांनी भिंतीवरून काही म्हणणंच सोडलं. वनमालाबाईंनी वाटीभर साखर मागायला यायचं बंद केलं. हा एक फायदा रोहिणीनं लगेच मोजला.

सुरेखानं ते पत्र वाचलं. “गैरवापर जोडून लिहितेत ना? बरोबर हाय,” एवढंच म्हणाली, आणि पुढं आठवडाभर अजिनाथशी मीठ मागण्यापुरतीही बोलली नाही. जेवताना ती मीठ रोहिणीला मागायची. बरणी अजिनाथच्या हाताशी असे.

पुढच्या ऐतवारी सकाळी ती जांभळा ड्रेस घालून दारात तयार बसली होती.

“कुठं?” अजिनाथनं विचारलं.

“पार्कात.”

“आक्का, ती रांग बंद केली त्यांनी.”

“साधी हाय की. त्या रांगेत कुणी येऊ नको म्हणलेलं न्हाई.”

अजिनाथनं रोहिणीकडं पाहिलं. रोहिणी डबा भरत होती, तिनं वर पाहिलं नाही. त्यानं टपावर खुर्ची बांधली.

पोत्यांच्या दारातून ते दोघं आत गेले आणि साध्या रांगेत शिरले. कठड्यांमधली वाट खुर्चीच्या मापाचीच होती, दोन्हीकडं बोटभर जागा. प्रत्येक वळणावर खुर्ची मागंपुढं करून बसवावी लागे. पुढचे खोळंबत, मागचे उसासे सोडत. डोक्यावर कुठंच मांडव नव्हता. ऊन माथ्यावर आल्यावर सुरेखानं पाणी मागितलं, आठवड्यात पहिल्यांदा थेट अजिनाथकडं.

फाटकावर लखनच होता. त्यानं तिला पाहून डोळे मिटून घेतले.

“ताई, तुमाला म्हाईत हाय.”

“मला म्हाईत हाय. तुमी मला बसवू नका,” सुरेखा म्हणाली. “मी बाजूला होते. पण बाजूला होऊ कुठं? जागा दाखवा.”

लखननं पाहिलं. खुर्ची वळायला जागा नव्हती. पुढं फाटक, दोन्हीकडं लोखंड, मागं रांग. तिला बाहेर काढायचं तर मागची सगळी रांग उलटी चालत शेवटापर्यंत जायला हवी होती. सुरेखानं दोन्ही चाकांना ब्रेक लावला आणि हात मांडीवर ठेवले.

मॅनेजर आला. त्यानं फोन केले. मागचे लोक आधी विचारू लागले, मग ओरडू लागले. कोणी म्हणालं, बसवा की बाईला, काय होतंय. दुसरा म्हणाला, असल्या माणसांनी घरी बसावं. एक बाई अजिनाथला म्हणाली, “तुमाला तरी कळायला पायजे.” अजिनाथ वळला. माफ करा, हे शब्द तोंडात तयारच होते. त्यानं त्या बाईकडं पाहिलं, तिच्या काखेतल्या रडणाऱ्या पोराकडं पाहिलं, आणि शब्द बाहेर काढले नाहीत. त्याचे कान तापले. त्याला पळून जावंसं वाटत होतं आणि पळायलाही जागा नव्हती.

शेवटी मॅनेजरनं पाळणाच बंद केला. ‘तांत्रिक कारणास्तव’ अशी पाटी लावली. पाटी तयारच होती, फक्त अडकवायची होती. रांग मागून विरत गेली. जाणारा प्रत्येकजण कठड्यापलीकडून सुरेखाकडं पाहून जात होता. वाईट नजरेनं पाहत होते. एका म्हाताऱ्यानं तर थुंकून दाखवलं. भाऊसाहेबांना कोणी काही म्हणालं नाही.

सगळे गेल्यावर दोघंच उरले. अजिनाथ कठड्यावर टेकला आणि त्यानं डबा उघडला. दोघांनी पोळी खाल्ली. मीठ कमी होतं. वरच्या रिकाम्या पेट्या वाऱ्यानं करकरत होत्या.

“निघू,” सुरेखा म्हणाली आणि तिनं ब्रेक काढला.

खुर्ची पुढं वळत नव्हती म्हणून अजिनाथ ती उलटी ओढत निघाला. सुरेखाचं तोंड पाळण्याकडं होतं. पहिल्या वळणावर त्याचा हात लोखंडाला खरचटला, दुसऱ्यावर शर्ट अडकून फाटला.

“पुढच्या ऐतवारी लवकर निघू,” सुरेखा म्हणाली. “ऊन व्हायच्या आत नंबर लागला पायजे.”

“बरं,” अजिनाथ म्हणाला, आणि त्यानं खुर्ची तिसऱ्या वळणावर घातली.